पहिल्या कंटेनरची ओटी

मी चौथी शिकलो. पाचवीत नाव घातलं होतं, पण बसलो नाही. तेव्हा लिहिण्यात चुका निघतील, त्या चालवून घ्या. खोटं मात्र लिहिणार नाही. आमच्या पॅकहाऊसच्या त्या कंटेनरची गोष्ट दिंडोरी रोडला लोक तीन तऱ्हेनं सांगतात आणि तिन्हीत एका बाईचं नाव येतं. तिचा त्यात काडीचा संबंध नाही. केलं ते मी. म्हणून लिहायला बसलो.

पॅकहाऊस म्हणजे मोठी पत्र्याची शेड. बागेतून द्राक्षं येतात, बाया टेबलाशी उभ्या राहून कात्रीनं घड साफ करतात, डब्यांत भरतात, डबे खोक्यात, खोकी थंड खोलीत आणि तिथून कंटेनरमध्ये. कंटेनर रस्त्यानं मुंबईकडच्या बंदराला जातो, पुढं जहाजानं परदेशी. माझं काम सगळ्यात शेवटचं. भरलेल्या कंटेनरची दारं लावायची, दांडा आडवा करायचा आणि त्यात सील मारायचं. सील म्हणजे बोटाएवढा लोखंडी खिळा. एकदा आत बसला की कापल्याशिवाय निघत नाही. त्यावर नंबर असतो, आताशा पोटात चिपही असते. मारून झालं की मी तीनदा हिसका देऊन ओढून पाहायचो. एकदा एक सील नीट बसलं नव्हतं आणि ते बंदरावर सापडलं. तेव्हापासूनची सवय.

माझी बायको त्याच शेडमध्ये कात्रीच्या टेबलावर होती. सरळ, कमी बोलणारी, पण बोलली की लागायचं. नव्या पोरींना तीच शिकवायची. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लावायचं नाही, बोट लागलं की वरचा पांढरा थर पुसतो आणि माल पडतो. तिच्या हाताखाली पंधरा-वीस पोरी तयार झाल्या असतील. त्यातली एक पुढं शेडची सुपरवायझर झाली. नवऱ्यानं टाकलेली, घरी आई, शिकलेली बारावी. चार सिझन कात्री चालवून मग तिच्या हातात कागद आले. कंटेनर भरताना ती दारात उभी राहून खोकी मोजायची आणि शेवटी कागदावर सही करायची की मी स्वतः पाहिलं, आत द्राक्षांशिवाय काही नाही. त्या सहीवर पुढचं सगळं चालतं. हीच ती बाई.

आता रीत सांगतो. सिझनचा पहिला कंटेनर असला की माझी बायको डब्याच्या पिशवीत ओटीचं सामान घेऊन यायची. एक खण, लहानसा नारळ, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड. दाराशी शेवटची रांग लागली की वरच्या एका खोक्यातले डबे काढायची आणि तिथं ओटी ठेवायची. खोकं परत बंद. मालकाला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. मी दार लावताना तिकडं बघायचो नाही, म्हणजे मलाही माहीत नाही असं धरायचं.

आम्हाला एक मुलगा, तो सिन्नरला कारखान्यात आहे. लेक नाही. ती म्हणायची, महिनाभर हातानं न्हाऊमाखू घातल्यासारखं केलेलं पोर परमुलखात निघालंय, ते रिकाम्या ओटीनं कसं धाडायचं. मी म्हणालो, अगं द्राक्षं आहेत ती, लोक खाणार आहेत तिकडं. तर म्हणाली, "तुम्हाला कुणी विचारलं? तुम्ही खिळा मारा."

अशी किती तरी वर्षं गेली. एकदाही कुणी बोभाटा केला नाही. तिकडचे हमाल नारळ फोडून खात असतील, असं म्हणून आम्ही दोघं हसायचो.

दिवाळी झाली आणि तिनं अंथरूण धरलं. पोटाचं होतं. पुढं दवाखाना. शेवटच्या आठवड्यात बोलणं तुटक झालं होतं. एका सकाळी मला जवळ ओढून म्हणाली, "खण ट्रंकेत हाय. पहिली गाडी रिकाम्या ओटीनं धाडू नका." मला वाटलं होतं मुलाचं काही सांगेल, माझं काही सांगेल. तिनं गाडीचं सांगितलं. त्यानंतर ती नीट बोललीच नाही.

ती गेली तेव्हा नर्सनं एका पाकिटात तिच्या अंगावरचं काढून दिलं. मंगळसूत्र, डोरल्याचे मणी, आणि जोडवं एकच. मी म्हणालो दुसरं कुठं आहे. नर्स म्हणाली, आजोबा, भरती झाल्या तेव्हापासून एकाच पायात होतं. मी नको ते बोललो. खरं लिहायचं म्हटल्यावर हेही लिहितो, मी तिला चोर म्हणालो. सगळ्या वॉर्डासमोर. बाया म्हणाल्या नवीन जोडवी आणून घालू, सवाष्ण चाललीय. आणली, घातली. पण माझ्या डोक्यातून गेलं नाही की हिला पोचवताना तिचं स्वतःचं जोडवं तिच्या पायात नव्हतं. घर झाडून काढलं, पलंग हलवला, न्हाणीघराच्या मोरीत हात घातला. मिळालं नाही. एकटं राहिलेलं जोडवं तिच्या कुंकवाच्या करंड्यात टाकून ठेवलं.

पुढं सिझन चालू झाला. पहिल्या कंटेनरच्या दिवशी मी ट्रंक उघडली. खण वरच होता, हिरवा, जांभळ्या काठाचा, दसऱ्यालाच आणून ठेवलेला. घडी घालून दोऱ्यानं बांधलेला. मी तो उघडला नाही. नारळ घेतला, तांदूळ, सुपारी, हळकुंड घेतलं.

ओटी बाई भरते, तीही सवाष्ण. पुरुषाचं ते काम नाही आणि ज्याची बायको गेलीय त्याचं तर नाहीच. मला हे कळत होतं. पण ती सांगून गेली होती आणि दुसऱ्या कुणाला सांगायचं म्हणजे तिचं गुपित फोडायचं. शेवटची रांग लागली. सुपरवायझर थंडीचं माप ठेवणारं छोटं यंत्र आणायला आत गेली. तेवढ्यात मी खोकं उघडलं, ठेवलं, बंद केलं. ती आली, तिनं यंत्र लावलं, खोकी मोजली, बरोबर भरली, सही केली. मी दार लावलं, सील मारलं, तीनदा ओढलं. गाडी गेली.

सोळा-सतरा दिवस झाले असतील. दुपारी मालकानं सगळ्यांना टेबलं सोडून कचेरीच्या दारात बोलावलं. हातात कागद. मालक तरुण आहे, बापाच्या जागी आलेला, स्वभावानं वाईट नाही पण घाबरट. म्हणाला, जहाज अजून पाण्यात आहे आणि तिकडच्या कस्टमचा सवाल इकडच्या कस्टमला आलाय. बंदरावर मोठ्या मशीनमधून गाडीच्या पोटाचा फोटो काढतात, तो फोटो आता जहाजाच्या आधीच तिकडं जातो. तिकडं कुणीतरी तो बारकाईनं पाहिला. फोटो त्यानं आम्हाला दाखवला. करड्या रंगात खोक्यांची रांग, भिंतीच्या विटांसारखी, आणि दाराजवळ वरच्या विटेत एक गोल गोळा.

मी लांबूनच ओळखला.

मालक म्हणाला, चार दिवसांत सांगायचंय की हे काय आहे. नाही सांगितलं तर जहाज लागल्यावर अख्खा कंटेनर बाहेर काढतील, एकेक खोकं फोडतील, उन्हात माल जाईल. आणि आपलं नाव एकदा त्यांच्या यादीत चढलं की इथून पुढची प्रत्येक गाडी अशीच फुटणार. मग तो सुपरवायझरकडं वळला. सही तुझी आहे, म्हणाला. ती म्हणाली, माझ्यासमोर भरला, द्राक्षंच होती. तिनं हे तीनदा सांगितलं आणि प्रत्येक वेळी आवाज खाली गेला. मालक म्हणाला, उद्यापासून घरी बस. कस्टमला कळवतो की निष्काळजी माणूस होतं, काढून टाकलं. तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं आणि चप्पल घालून निघाली. जाताना माझ्याजवळून गेली. म्हणाली, "बाबा, तुम्ही दार लावलं ना? तुम्ही तरी सांगा." मी काही बोललो नाही.

हा माझा खरा गुन्हा. नारळ नाही. हे गप्प बसणं.

घरी आलो, भाकरी केली नाही. मुलाचा फोन आला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, बाबा तोंड बंद ठेवा, या वयात कचेऱ्या कशाला, उद्याच सिन्नरला या. मी फोन ठेवला. समोर भिंतीवर तिचा फोटो होता, हार घातलेला. तिच्याशी मी बोलत बसत नाही, मला ते जमत नाही. पण ती असती तर काय म्हणाली असती ते माहीत होतं. तुम्हाला कुणी विचारलं, असं म्हणाली नसती. या वेळी विचारलं होतं.

सकाळी शेडमध्ये गेलो आणि मालकाला सगळ्या बायांसमोर सांगितलं. गोळा म्हणजे नारळ हाय, मी ठेवला. सोबत खण, तांदूळ, सुपारी, हळकुंड. माझी बायको दरसाल ठेवायची, यंदा मी ठेवला. पोरीला काही माहीत नाय.

कात्र्या थांबल्या. एक म्हातारी बाई, माझ्या बायकोच्या शेजारीच उभी असायची, तिनं तोंडाला पदर लावला. म्हणाली, "बायको मेल्यावर ओटी भरली तुम्ही? मग काय गाडी सुखरूप पोचणार होती." मी म्हणालो, तुझी लेक दर तीन महिन्याला माहेरी पळून येती, तिची ओटी तर तूच भरली होती ना. दोघी-चौघी हसल्या. म्हातारी पुन्हा कात्रीला लागली. मला तसं बोलायला नको होतं, पण बोललो.

मालकानं मला आत घेतलं. दार लावून म्हणाला, बाबा, झालं ते झालं, पण कस्टमला असलं काही सांगता येत नाही. ओटी म्हणे. हसतील, नाहीतर म्हणतील पॅकहाऊसमध्ये कुणीही काहीही घालतं. एक माणूस काढलं हे सोपं उत्तर आहे, ते त्यांना कळतं. मी म्हणालो, सोपं हाय पण खोटं हाय. तो म्हणाला, तिला मी दुसरीकडं लावून देईन. मी म्हणालो, कागदावर निष्काळजी लिहिलेल्या बाईला ओझरपासून पिंपळगावपर्यंत कोण सही करायला ठेवतं ते मला सांगा.

"मग मीच जातो कस्टमला," मी म्हणालो.

"गेलात तर परत या गेटमधून येऊ नका."

"नाय येत."

पटक्याचं टोक खोचलं आणि निघालो. एकोणीस सिझनमध्ये मी त्या गेटनं भर दुपारी कधी बाहेर पडलो नव्हतो.

कस्टमची कचेरी मी कधी पाहिली नव्हती. सील मारून त्यांच्या नावानं आयुष्य गेलं, पण माणूस पाहिला नव्हता. दोन रिक्षा बदलून गेलो. दारावरच्या शिपायानं विचारलं कुणाला भेटायचंय. म्हणालो, ज्याच्याकडं नारळाचा कागद आलाय त्याला. तासभर बसवलं. मग एका साहेबांनी बोलावलं. पन्नाशीचे, चष्मा, वऱ्हाडाकडची बोली. समोर तोच फोटो होता, मोठा करून.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला कोणी पाठवलं?"

"कुणी नाय. मालकानं तर जाऊ नका सांगितलं."

"वकील?"

"वकिलाला काय सांगू? नारळ मी ठेवला, त्याला वकील काय करणार."

त्यांनी खुर्ची दाखवली. मी बसलो. त्यांनी मला समजावून सांगितलं, ते चांगलं सांगितलं म्हणून इथं लिहितो. म्हणाले, पूर्वी आमचे कागद आमच्याकडं आणि त्यांचे त्यांच्याकडं. माल पोचला की मग ते बघणार. आता तसं नाही. इथं सील लागलं की गाडीचा नंबर, वजन, आत काय आहे त्याची यादी, मशीनचा फोटो, सगळं तिकडच्या कस्टमला आधीच जातं. यादी आणि फोटो जुळला तर तिकडं गाडी थांबतच नाही, दारातून सरळ पुढं. द्राक्षं दोन दिवस आधी दुकानात पोचतात, ते त्यामुळं. पण जुळलं नाही तर सवाल येणारच. आणि नारळ नि तांदूळ म्हणजे बी-बियाणं, त्यातून कीड जाते. लपवलेला माल म्हणजे लपवलेलाच, मग आत सोनं असो की सुपारी.

मी म्हणालो, म्हणजे लग्नातल्या यादीसारखं. दोन्हीकडच्या चार माणसांसमोर यादी होते, कोण काय देणार. मग मांडवात कुणी काही जास्तीचं आणलं तरी भांडण, कमी आणलं तरी भांडण.

साहेब म्हणाले, "तसंच. फक्त इथं दोन देश आहेत."

"मग इथल्या माणसानं मशीनवर पाहिला तेव्हाच का नाय धरला?"

त्यांनी फोटो जवळ ओढला. म्हणाले, इथल्या माणसाला नारळ ओळखू आला असेल, म्हणूनच सोडला असेल. ते काही चांगलं झालं नाही.

मग जबाब लिहायला घेतला. पाच वस्तू एकेक करून लिहिल्या. सुपरवायझर यंत्र आणायला आत गेली होती तेव्हा ठेवल्या, हे वेगळं वाक्य करून घातलंच पाहिजे असं मी धरून बसलो. ते म्हणाले, हे वरच्या वाक्यात आलंय. मी म्हणालो, तिकडच्या माणसाला वरचं वाक्य वाचायचा कंटाळा आला तर? वेगळं लिहा. लिहिलं. शेवटी ते अडले. ओटी इंग्रजीत काय लिहू, म्हणाले. मी म्हणालो, लेक सासरी निघाली की आई पदरात घालते ते, असं लिहा. त्यांनी तसंच लिहिलं, मी सही केली. त्यांनी ते तिकडं पाठवलं.

दोन दिवसांनी त्यांनी परत बोलावलं. तिकडून उलट सवाल आला होता. लेक कोण आणि ती आता कुठं आहे. म्हणजे त्यांना वाटलं, आम्ही कुणा मुलीला कंटेनरमध्ये घालून धाडली की काय. साहेबांना हसू दाबता येईना. मी हसलो नाही. म्हणालो, लिहा, लेक नाय. ती असती तर एवढं झालंच नसतं. त्यांनी काय लिहिलं मला माहीत नाही, पण सवाल पुन्हा आला नाही.

जहाज लागलं. तिकडच्यांनी अख्खा कंटेनर काढला नाही, आम्ही सांगितलं तेवढंच खोकं बाजूला घेतलं आणि बाकीची द्राक्षं सोडून दिली. मला वाटलं, संपलं. पोरीला निरोप पाठवायचा विचार करत होतो, तोवर साहेबांचाच फोन आला. आवाज वेगळा होता. म्हणाले, लगेच या, आणि तुमच्या सुपरवायझरलाही बोलावलंय.

ती माझ्या आधी येऊन बसली होती. माझ्याशी बोलली नाही. आठवडाभर घरी होती, गावात काय काय बोललं गेलं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. साहेबांनी तिकडून आलेला फोटो टेबलावर सरकवला. चकचकीत स्टीलच्या टेबलावर सगळं मांडलेलं. नारळ. तांदूळ एका बशीत. सुपारी, हळकुंड. खण पूर्ण उलगडून सपाट पसरलेला. प्रत्येकाशेजारी एक फूटपट्टी. आणि खणाच्या खाली, कोपऱ्यात, अजून एक वस्तू.

साहेब म्हणाले, "जबाबात पाच आहेत. इथं सहा आहेत. सहावी चांदीची आहे. ते विचारताहेत, पहिला जबाब खोटा होता का. आणि आत दुसऱ्या कुणाचा हात होता का." हे म्हणताना त्यांनी पोरीकडं पाहिलं.

मी चष्मा पुसला. जोडवं होतं. एका बाजूला जाड, तिथं तुटलं होतं म्हणून सोनारानं डाग दिलेला. मी स्वतः उभं राहून तो देववला होता.

कसं झालं ते कळायला वेळ लागला नाही. दसऱ्यानंतर तिचे पाय वाळत चालले होते. बोटातून जोडवं निसटत असणार. हरवेल म्हणून हातातल्या खणाच्या घडीत ठेवलं, दोरा बांधला, आणि मग सांगायचं राहिलं. किंवा राहिलं नाही, मुद्दाम ठेवलं. ते आता कोण सांगणार. मी तो दोरा सोडलाच नव्हता.

पोरीनं फोटो स्वतःकडं ओढला. "हे काकूंचं आहे," ती म्हणाली. "टेबलाखाली पाय बदलायच्या तेव्हा दिसायचं. डाग दिलेलं."

साहेब म्हणाले, तुम्ही दोघं म्हणताय, पण तिकडच्यांना तुम्ही दोघंही एकाच बाजूचे. मी उठलो. "दीड तास थांबा," म्हणालो. घरी गेलो, करंडा उघडला, दुसरं जोडवं काढलं. कुंकू लागलेलं होतं, पुसलं नाही. तसंच रुमालात बांधून आणलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. "तुमच्याकडं फूटपट्टी हाय का?" विचारलं. त्यांनी ड्रॉवरमधून काढली. जोडव्याशेजारी ठेवून फोटो काढला, एक बाजूनं, एक वरून. तिकडच्या जोडव्याचं माप त्यांनी पाठवलेल्या कागदावर होतं. जुळलं. नक्षीही तीच, फुलाच्या चार पाकळ्या. दुसरा जबाब झाला. त्यात मी म्हणालो, लिहा, पहिला जबाब खोटा नव्हता, मला माहीत नव्हतं, आणि या बाईला तर मुळीच माहीत नव्हतं. त्यांनी दोन्ही फोटो जोडून पाठवले.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. प्रकरण बंद. सही करणाऱ्या बाईवर काही ठपका नाही, असं इंग्रजीत लिहिलेलं होतं. साहेबांनी वाचून दाखवलं. मी म्हणालो, त्याची एक प्रत द्या, आणि तिकडच्या फोटोचीही. त्यांनी दोन्ही दिल्या. मग मी विचारलं की जोडवं परत कधी येणार.

ते म्हणाले, नारळ, तांदूळ, खण वगैरे नियमानं जाळलं असेल. धातूचं ते ठेवतात. पण बाबा, एक जोडवं परत आणायचं म्हणजे दोन्ही देशांचे कागद लागतील.

"मग लावा," मी म्हणालो.

प्रत घेऊन मी गेटपर्यंत गेलो. आत गेलो नाही, शब्द दिला होता. मालकाला बाहेर बोलावलं आणि कागद हातात दिला. त्यानं दोनदा वाचला. तिला दुसऱ्या दिवशी परत घेतलं, तिच्याच जागेवर. मला घेतलं नाही. मी मागितलंही नाही. माझ्या हातून त्या दाराला सील लागू नये हे मलाही पटत होतं.

फोटो घेऊन दवाखान्यात गेलो. नर्स पाळीवर होती. मला पाहिल्यावर तिनं पाठ फिरवली, बरोबर केलं. मी फोटो पुढं धरला. सांगितलं, तू चोर नव्हतीस, मी खोटा होतो, त्या दिवशी वॉर्डात म्हणालो तसं आज वॉर्डात म्हणतो. खाटांवरची माणसं बघायला लागली. ती म्हणाली, "आजोबा, हळू बोला, पेशंट झोपलेत." पण तिनं फोटो घेतला आणि खिडकीपाशी नेऊन बघितला. हे कुठलं टेबल, म्हणाली. सांगितलं. परत देताना म्हणाली की जेवता का वेळेवर.

कागद लागले आहेत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी कस्टमच्या कचेरीत जातो. साहेबांची बदली झाली, नवीन बाई आल्या आहेत, त्यांना मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्यांनी फाईल काढली. तिकडून उत्तर आलंय की वस्तू सापडली आहे, पाठवण्याची परवानगी चालू आहे. चालू आहे तर चालू आहे. मीही चालूच आहे.

यंदाच्या पहिल्या कंटेनरला पोरीनं मला बोलावलं. मालकानं होकार दिला होता, पण गेटमधून मलाच आत जाववेना, म्हणून तीच बाहेर आली आणि हाताला धरून नेलं. दार उघडं होतं, शेवटची रांग लागलेली. तिनं दाराच्या उंबऱ्यावर पाट ठेवला, पाटावर खण, नारळ, तांदूळ. ती म्हातारी पुढं झाली आणि हळदकुंकू वाहिलं. माझ्याकडं बघितलंही नाही, पण पाच जागी वाहायचं तिथं सात जागी वाहिलं. मग पोरीनं पाट उचलून बाहेर घेतला, रिकाम्या उंबऱ्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि कागदावर हातानं एक ओळ घातली. मी विचारलं काय लिहिलंस. म्हणाली, "ओटी दाखवली, बाहेर घेतली, मग दार लावलं. तिकडचे काय ते वाचतील."

तिनं खिळा माझ्यापुढं धरला. "बाबा, मारा."

"नाय. सही तुझी, सीलही तूच मार."

तिनं मारला. मी जवळ जाऊन तीनदा हिसका देऊन पाहिलं. पक्कं बसलं होतं.